गाडीबाहेर हात काढू नये

सहा पाहुणे, चार रात्री, सप्टेंबरचा तिसरा आठवडा.
तक्ता आखायला घेतला की मी आधी नदी काढते,
निळ्या पेनाने, वळणं जरा जास्तच देत,
कारण लुआंग्वाला सरळ जाणं ठाऊक नाही.
गेल्या पुरात तिने आमचा एक अख्खा रस्ता गिळला
आणि ढेकरही दिला नाही.

मग छोटं विमान. माणशी पंधरा किलो,
बॅग मऊ हवी, चाकं नकोत.
(तरी कुणीतरी चाकं आणणारच.
मागे एकीने इस्त्री आणली होती.)
निळे-काळे कपडे टाळा, त्या रंगांवर त्सेत्से माश्या धावतात.
गहू न चालणारे दोघे.
अंड्यांचे ट्रे चिपाताहून येतात,
माबवुतो खड्डा आला की शिट्टी थांबवतो
आणि एक हात मागे नेऊन ट्रे धरतो.
माबवुतो म्हणजे अडचणी.
ड्रायव्हरच्या नावाचा अर्थ मी पाहुण्यांना सांगत नाही,
निदान परतीचं विमान उडेपर्यंत.

बिबट्या कितव्या दिवशी, असं विचारलंय.
बहुधा दुसऱ्या, मी लिहिते.
बिबट्याला अजून विचारलेलं नाही.
दरडीत बिळं पोखरून राहणारे
किरमिजी वेडे राघू, शेकड्यांनी: नक्की.
त्यांची हमी मी देते.
संध्याकाळी एक तिखट धूर येतो म्हणतात, तो कसला?
आमच्या मक्याचा पहारेकरी तो.
हत्तीच्याच शेणात मिरची मळून आई विटा थापते
आणि शेताच्या कडेला पेटवते.
मी लिहिते: स्थानिक मसाले.

हत्ती धोकादायक असतात का?
इथे पेन अडतं, दरवेळी.
मग ठरलेलं वाक्य:
गाडीत बसून राहिलात, तर नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला
माझा धाकटा, योसोफाती, पेन्सिल चावत बसलाय.
सोमवारपासून त्याची नवी शाळा, चार किलोमीटर, पायी.
त्यालाही तक्ता हवा,
पाहुण्यांना देतेस तसाच, रकाने पाडून.

म्हणून त्याच कागदाच्या मागे:
सहाला निघायचं नाही.
साडेसहाला, न्जोब्वूंच्या मुली निघाल्या की त्यांच्याबरोबर.
(आडनावातच हत्ती आहे, तो तरी ओळख ठेवील.)
बोअरवेलपर्यंत मोठ्याने बोलत जायचं.
चिंचेपाशी गप्प.
धूळ उडवून वारा बघायचा.
फांदी मोडल्याचा आवाज आला तर परत.
शेण वाफाळत असेल तर परत,
शाळा बुडाली तरी मी रागावणार नाही.
डब्यात संत्रं नाही. अर्धंही नाही.
पळायचं नाही.
हे मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
त्या वर्षी मी पळाले होते.
फालेसी मावशी नियम पाळत उभी राहिली होती.
तेव्हापासून हा एक नियम
मला नीट लिहिता येत नाही.

तो ओठ हलवत सगळं वाचतो.
शेवटचा रकाना रिकामा आहे म्हणतो: काय दिसेल?
तू सांग, म्हटलं.
त्याने वाकून, पेन्सिल दाबून लिहिलं:
पाहुणे. सहा. बहुधा दुसऱ्या दिवशी.

त्यांना हात केला तर ते परत करतात का गं?

कागद उलटला. नियम पाचवा, माझ्याच अक्षरात.
त्यावर काही बोलले नाही.
उद्या अंड्यांचा हिशेब करताना
माबवुतोच्या कानावर घालायचंय,
चिंचेपाशी गाडी जरा हळू घे.